चुलीमागचा कोनाडा

गेल्या रविवारी बाबांचा पखवाज कोनाड्यातून बाहेर काढला. जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला, वरून सुतळी, आणि सुतळीची गाठ बाबांच्या हातची. ती सोडायला मला दहा मिनिटं लागली. कापता आली असती. पण ओळंब्याच्या दोरीला ते जी गाठ मारायचे तीच ही होती, आणि ती कशी सुटते ते मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. टोक ओढायचं नाही, मधला फास नखाने ढिला करायचा.

चादर उलगडली तसा मुठेलाचा वास आला. कोकमाच्या बियांचं हे तेल आमच्याकडे पायांच्या भेगांना लावतात. थिजलं की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून मुठेल. बाबा ते हातांना लावायचे. पखवाजाच्या लाकडात, सूर लावायच्या लाकडी गठ्ठ्यांत, चामड्याच्या वादीत तो वास इतका मुरला आहे की डोळे मिटून बसले असते तर बाबा शेजारीच आहेत असं वाटलं असतं.

डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, वाळलेल्या कणकेचा पापुद्रा होता. पखवाजाच्या डाव्या अंगाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, त्याशिवाय तो घुमत नाही. वाजवून झालं की बाबा ती लगेच खरवडून काढायचे. वाळू दिली तर कातडं ओढतं, असं म्हणायचे. शेवटच्या वेळी त्यांना ते जमलं नव्हतं आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी तो पापुद्रा ओल्या फडक्याने भिजवत बसले आणि तेव्हाच ठरवलं की बाबांबद्दल लिहायचं.

माझे बाबा गवंडी होते. मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीच्या आसपास, मसुरे, बांदिवडे, हडी, आचरा, चिंदर या पट्ट्यात त्यांनी आयुष्यभर घरं बांधली. आई आणि मी एकदा बसून मोजत होतो. तीसेक घरं झाली, मग आई विहिरींवर आली, मग गडग्यांवर, आणि तिथे आम्ही मोजणं सोडलं. एकाही घरावर त्यांचं नाव नाही. घरावर नाव मालकाचं असतं आणि त्यात गैर काही नाही. पण माझ्या मुलीला तिचे आजोबा कोण होते हे कळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे घर बांधायचं म्हणजे जांभ्याचं. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळ पठारावरच्या, खाणीतून चिरे काढतात, साधारण चौदा इंच लांब, नऊ रुंद, सात उंच. एकेकाचं वजन पंचवीस-तीस किलो. मी लहान असताना ते हाताने काढत असत. दोन माणसं दिवसभर खाणीत वाकून टिकाव चालवत, आणि काढलेला चिरा बाबा पुन्हा तासून घेत. आता यंत्राचं गोल पातं फिरतं आणि चिरे एकसारखे निघतात. बाबांना यंत्राचा राग नव्हता, तासायचे कष्ट वाचले म्हणून बरंच वाटायचं. फक्त ओला चिरा भिंतीला लावायला ते तयार नसायचे. जांभा खाणीत मऊ असतो, वारा लागला की घट्ट होत जातो. "चिऱ्याक वारो खावंदे," म्हणायचे. मालकाला घाई असली तरी चिरे निदान दोन-तीन महिने खळ्यात रचून ठेवायला लावायचे.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. जांभ्याला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन याने दिलं. दक्षिणेतल्या आपल्या प्रवासाचं वर्णन त्याने १८०७ साली छापलं, त्यात केरळातल्या अंगाडिपुरमजवळ बघितलेल्या या दगडाची माहिती आहे. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. बी.एड. करत असताना मी हे मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं. ते पेज पीत होते. वाटी खाली ठेवून म्हणाले, "तेका कोणातरी गवंड्यान सांगला आसतला." मी तेव्हा हसले. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की बुकाननने स्वतःच तसं लिहून ठेवलं आहे: तिथल्या बोलींमध्ये या दगडाला विटेचा दगड म्हणतात. बाबांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, जसं काही त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

चिरा उचलायच्या आधी ते थापीच्या मुठीने त्यावर दोनदा ठोकायचे. जांभ्यात कुठे कुठे पांढरट चिकणमातीचे खिसे असतात. बाहेरून चिरा चांगला दिसतो आणि चार पावसाळ्यांत ती माती धुऊन जाऊन भोक पडतं. आतून भरीव असलेला चिरा खणखणीत वाजतो, खिसा असलेला बद्द. "चिरो आधी आयकूचो, मगे उचलूचो." आम्ही तिघी बहिणी सुट्टीत त्यांच्या कामावर डबा घेऊन जायचो तेव्हा हा आमचा खेळ असायचा. रचलेल्या चिऱ्यांवर ठोकत जायचं आणि बद्द वाजला की ओरडायचं, "मुको!" मधली सगळ्यात आधी ओळखायची. मला तर पुष्कळदा दोन्ही आवाज सारखेच वाटायचे.

वाळूच्या बाबतीत ते आणखी कडक. आमच्या इथे वाळू खाडीची, म्हणजे खारी. तीच तशी वापरली तर भिंतीला लोणा लागतो, गिलावा फुगून पापुद्रे सुटतात, आणि स्लॅबमधली सळई आतल्या आत गंजते. बाबा वाळू शक्यतो आदल्या वर्षीच टाकून घ्यायला सांगत, म्हणजे एक पावसाळा तिच्यावरून जातो. ते शक्य नसेल तर गोड्या पाण्याने धुवायची. धुतलेल्या वाळूचं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावून बघायचे. दोन-तीन वेळा तरी मी त्यांना "अजून एकदा धुवा" म्हणताना आणि बिगारी लोकांना तोंड वाकडं करताना पाहिलं आहे.

पण त्यांचं खरं प्रेम गडग्यावर होतं. गडगा म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, माती नाही, सिमेंट नाही, नुसते दगड एकावर एक. खाणीतले तुकडे, फुटके चिरे, डोंगरातले धोंडे, जे असेल ते. लोकांना वाटतं गडगा कुणीही घालतो. आमच्या घराच्या वरच्या अंगाला उताराच्या कडेला बाबांनी घातलेला गडगा आहे, मी पाच वर्षांची असतानाचा. वरच्या सड्याचं सगळं पाणी आषाढात त्याच्यावर येतं. तो उभा आहे, कारण पाणी त्याच्यातून जातं. शेजारच्यांनी मागे त्याच रेषेत सिमेंटची भिंत घातली, ती दुसऱ्याच पावसात बाहेर झुकली. "पाण्याक वाट दी, मगे भिंत पडूची नाय," हे बाबा ती घालण्याआधी दोनदा सांगून आले होते. झुकल्यावर मात्र एक शब्द बोलले नाहीत. शेजाऱ्यांनी बोलावलं तसे गेले आणि खालच्या थरात पाण्यासाठी भोकं पाडून दिली.

आता पखवाजाकडे येते.

बाबांना तो कुणी बसवून शिकवला नाही. चौदा-पंधरा वर्षांचे असताना ते जत्रेत दशावतार बघायला जायचे आणि रंगमंचाच्या कडेला मृदंग, म्हणजे पखवाजच, वाजवणाऱ्याच्या पाठीशी बसून राहायचे. दशावतारात वाद्यं तीनच, पायपेटी, मृदंग आणि झांज. संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतात, त्यामुळे वाजवणाऱ्याची नजर सगळा वेळ नटाच्या पायावर. युद्धाचा प्रसंग आला की पाय कधी उचलेल याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. त्या मृदंगवाल्याने दोन वर्षं बाबांना नुसतं मागे बसू दिलं. तिसऱ्या वर्षी पहाटे पेंगुळलेल्या लोकांसमोर दहा मिनिटं वाजवायला दिलं. बाबा म्हणायचे, "तेच्या पुढची धा वर्सां मी ती धा मिन्टां वाजयत होतंय."

बोल त्यांच्या तोंडात कायम असायचे. चौतालाचा ठेका, 'धा धा दिं ता, किट धा दिं ता, किट तक गदि गन', हा मी अ-आ-इ-ईच्या आधी ऐकला असेन. थर लावताना पुटपुटायचे. बारा मात्रांत एक चिरा बसतो असं काही नव्हतं, पण हात थांबला की बोलही थांबायचे, आणि घरी बसून आई ओळखायची की शेजारच्या घराच्या कामावर काहीतरी अडलं आहे.

मंडळींना वाटायचं की हा माणूस दिवसभर दगड उचलून रात्री वाजवतो कसा. खरं म्हणजे दोन्ही कामांचे महिने वेगळे होते. बांधकाम तुळशीच्या लग्नापासून मृगापर्यंत. जून लागला की गवंड्याचं काम बंद. त्याआधी मे महिन्यात शाकारणी, कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, रिपा बघायच्या, पुन्हा लावायची. त्यानंतर चार महिने हातात पैसा नाही आणि वेळच वेळ. आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत भजनं. आषाढी, श्रावणातले सप्ताह, गोकुळाष्टमी, मग चतुर्थी. चतुर्थीला तर वाडीतल्या प्रत्येक घरी भजन, एका रात्रीत पाच-सहा घरं, प्रत्येक घरी काळ्या वाटाण्याची उसळ, पाव आणि चहा. मध्यरात्रीनंतर डोळ्यांवर झोप आणि पोटात उसळ अशा अवस्थेत शेवटच्या घरी जो गजर व्हायचा, तसा मी कुठेच ऐकलेला नाही. डबलबारीच्या सामन्यांनाही बाबा साथीला जायचे. दोन बुवा समोरासमोर, एकाने दुसऱ्याला पदातून टोमणे मारायचे आणि लोकांनी शिट्ट्या वाजवायच्या. तिथे लोक बुवाला ऐकायला येतात, पण बुवा चढ्या लयीत गेला की त्याला सावरून धरतो तो पखवाजवाला. ते लोकांना दिसत नाही. बुवाला मात्र नक्की कळतं.

याउलट दशावताराचा हंगाम नेमका बांधकामाचा. कार्तिकापासून वैशाखापर्यंत रोज नवं गाव, रात्रभर नाटक, दिवसा प्रवास आणि झोप. मी दोन वर्षांची असताना एका नाटकमंडळीचे मालक आमच्या घरी आले होते. त्यांना बाबांना कायमचं साथीला घ्यायचं होतं. हा प्रसंग मला आईने सांगितला, बाबांनी कधीच नाही. मालकांनी पगार बरा सांगितला होता. बाबांनी एक रात्र मागून घेतली. आई सांगते, त्या रात्री ते पडवीत बसून होते आणि पखवाजाला हातही लावला नाही. सकाळी मालकांना म्हणाले, "मी सा म्हयने भायर रवलंय तर चेडू कोणाच्या मांडयेर निजतला?"

मोठी झाल्यावर मला या गोष्टीचं फार ओझं वाटायचं. ते चेडू म्हणजे मी. एकदा धीर करून विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाटला." एवढंच. खोटं बोलून त्यांनी मला बरं वाटायला लावलं नाही, याबद्दल आज मी त्यांची ऋणी आहे.

पुढे काही वर्षं कोकण रेल्वेच्या कामावर मजुरी चांगली मिळायची म्हणून ते तिकडे जात होते, मोऱ्या आणि रुळाकडेच्या भिंती बांधायला. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला तेव्हा आम्ही कुडाळ स्टेशनात गाडी बघायला गेलो होतो. बाबांनी गाडीकडे कमी आणि फलाटाच्या दगडांकडे जास्त बघितलं.

आता हातांबद्दल. सिमेंट हात खातं. रबरी मोजे आत्ता आत्ता आले. बाबांच्या काळी उघड्या हातांनी माल घ्यायचा, आणि दिवसाअखेरी बोटांची पेरं पांढरी पडून त्यांना चिरा पडलेल्या असत. त्या हातांनी चामड्यावर थाप मारायची म्हणजे प्रत्येक 'धा'ला कळ. म्हणून मुठेल. रात्री आई वाटीत कोमट करून द्यायची आणि आम्हा तिघींपैकी कुणीतरी ते त्यांच्या तळव्याला चोळायचं. पाळी ठरलेली होती आणि पाळीवरून आमची भांडणं व्हायची, कारण ज्या दिवशी ज्या मुलीची पाळी तिला बाबा त्या दिवसाची गोष्ट सांगायचे. कुणाच्या घराच्या पायात किती खणल्यावर पाणी लागलं, कुठल्या मालकिणीने पेजेबरोबर सुका बांगडा भाजून दिला, विहीर बांधताना आत उतरलं की आकाश केवढं दिसतं.

आम्हाला त्यांनी एकदा होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेलं होतं. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याचं काम सुरू झालं हे मी पाठ करून गेले होते आणि होडीत सगळ्यांना ऐकवत होते. किल्ल्यात छोट्या घुमट्यांखाली शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पावलाचा चुन्यात उमटलेला ठसा जपून ठेवला आहे. लोक नमस्कार करून पुढे जात होते. बाबा हाताच्या ठशासमोर उभेच राहिले. परतताना म्हणाले की चुना ओला असताना कोणीतरी महाराजांना सांगितलं असेल की आत्ता ठेवा हात, थोड्या वेळाने ठेवलात तर उमटणार नाही. आणि महाराजांनी त्या माणसाचं ऐकलं असेल. तो गवंडी त्यांना दिसत होता, अगदी समोर. घरी आल्यावर धाकटीने अंगणात ओली माती थापून स्वतःचा हात उमटवला आणि बाबांनाही उमटवायला लावला. तो ठसा रात्रीच्या पावसात गेला. आज वाटतं, चुन्यात घ्यायला हवा होता.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. पण ती गाळली तर हे सगळं खोटं होईल.

मी नववीत असताना बाबांनी एका घराचं काम अंगावर घेतलं होतं, मजुरी आणि माल धरून ठरलेल्या रकमेत. उजव्या बाजूची भिंत कमरेइतकी वर आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खालचा एक थर बोटभर बाहेर गेला आहे. ते त्या दिवशी तापाने घरी होते, बिगाऱ्याने दोरी न ताणता थर लावला होता. मालकाने बघितलं आणि म्हणाला चालेल, गिलाव्यात झाकून जाईल. बाबांनी भिंत उतरवली. स्वतःच्या पैशाने, पुन्हा सिमेंट आणून. त्या पैशात माझी आणि मधलीची वर्षाची फी होती. आई कधी आवाज चढवत नसे, त्या रात्री चढवला. "बोटभर वाकडी भिंत कोणाक दिसतली होती? चेडवांची फी खयसून भरू?" बाबा म्हणाले, "माका दिसता." आणि जेवणावरून उठून गेले. फी आईने कानातल्या कुड्या गहाण ठेवून भरली. त्या सोडवायला दोन वर्षं लागली.

बाबांबद्दल बोलताना लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मी ती सांगताना आईला विसरू शकत नाही. भिंत उतरवणं बरोबर होतं असं मलाही वाटतं. पण ठरवण्याआधी त्यांनी आईला विचारायला हवं होतं, आणि ते त्यांनी विचारलं नाही. बहुतेक त्यांनाही ते पुढे कळलं. कारण त्यानंतर ठरलेल्या रकमेचं काम त्यांनी आईला विचारल्याशिवाय कधीच घेतलं नाही, आणि कुड्या सोडवून आणल्या त्या दिवशी त्या तिच्या कानात त्यांनी स्वतः घातल्या. मळसूत्र बसेना. एवढी मोठी बोटं. आम्ही तिघी दारात उभ्या राहून बघत होतो.

मधली पखवाज शिकली ती आपोआप. 'मुको' ओळखणारे तिचे कान बाबांनी आधीच हेरले होते. सातवीत असताना ती चतुर्थीच्या आरतीला बसली. भजनी मंडळातल्या एका जुन्या माणसाने भुवया उंचावल्या, "चेडू पखवाज वाजयता?" बाबा टाळ हातात घेऊन मागे जाऊन बसले. "तेका वाजवंदे. चुकला तर माका सांगा." ती चुकली नाही. नंतर पुष्कळदा चुकली, आणि तेव्हा बाबांनी सगळ्यांदेखत तिला सांगितलंही. पण त्या दिवशी नाही.

आमच्या लग्नांत देण्यासारखं सोनं त्यांच्याकडे फारसं नव्हतं. माझ्या सासरी विहिरीचा कठडा पडला होता, तो त्यांनी येऊन बांधून दिला, आणि कळशी ठेवायला बाजूला पेळ. आजही माझी सासू संध्याकाळी त्या पेळेवर बसून फुलं ओवते. मधलीकडे तुळशी वृंदावन बांधलं. धाकटी डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. तिथे काय बांधणार? चार दिवस राहायला गेले आणि बघितलं की न्हाणीघरात पाणी एका कोपऱ्यात साचतं. तिसऱ्या दिवशी सगळ्या लाद्या उखडल्या, प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून पातळी घेतली, आणि उतार काढून लाद्या पुन्हा बसवल्या. धाकटी अजून सांगते की त्या चाळवजा इमारतीत सकाळी ज्यांचे पाय कोरडे राहतात अशी ती एकटीच.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा बाबा सत्तरीत होते. रात्रभर वाऱ्याने कौलं पत्त्यांसारखी उडाली, माड आडवे झाले, वीज कितीतरी दिवस नव्हती, आणि पाऊस तोंडावर. वर लॉकडाऊन, बाहेरून कामगार येणं शक्य नाही. सकाळी बाबांनी शिडी खांद्यावर घेतली. आईने अडवलं नाही, फक्त मधल्या काकांच्या मुलाला बरोबर पाठवलं. पंधरा दिवस ते वाडीतल्या छपरांवर होते. आधी म्हाताऱ्या एकट्या बायकांची घरं, मग लहान मुलं असलेली, आमचं सगळ्यात शेवटी. तोवर आम्ही माजघरात ताडपत्रीखाली झोपत होतो. पखवाज मात्र कोरडा होता.

त्या कोनाड्याचं सांगायचं राहिलंच. पावसात चामडं सर्द होतं. पूड उतरते, गठ्ठे कितीही ठोकले तरी सूर धरत नाही. आणि भजनं तर पावसातच. बाकीचे लोक पखवाज चुलीपाशी शेकवतात, त्यात कातडं करपायची भीती. बाबांनी आमचं घर बांधलं ते सगळ्यात उशिरा, तुकड्यातुकड्याने, दर पावसाळ्याआधी थोडं. सगळ्या भिंती नऊ इंची. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामधली एकच भिंत दोन चिऱ्यांची, दीड फुटी, आणि तिच्यात पडवीच्या अंगाने एक कोनाडा. अडीच फूट लांब, पखवाज जेमतेम आडवा मावेल एवढा. त्याच्या बरोबर मागे, भिंतीच्या पलीकडे, आईची चूल. संध्याकाळी भात शिजला की कोनाड्यातला चिरा हाताला कोमट लागतो आणि पहाटेपर्यंत तसाच राहतो. घरात गॅस आला त्याला वीस-बावीस वर्षं झाली. तरी आषाढ ते भाद्रपद रोज संध्याकाळी एक भात चुलीवर, हा करार त्या दोघांत कधी झाला ते आम्हाला माहीत नाही.

शेवटची दोन वर्षं त्यांना दम लागायचा. चिऱ्यांची आणि सिमेंटची धूळ आयुष्यभर छातीत गेली होती. गेल्या चतुर्थीला अर्धी आरती वाजवली, मग मधलीकडे बघितलं, आणि तिने लय न सोडता पखवाज आपल्या पुढ्यात ओढून घेतला. कार्तिकात ते गेले. तेराव्याच्या रात्री मंडळातले सगळे पडवीत आले. पेटी आणली, टाळ आणले, पखवाज कोणी मागितला नाही. पहाटेपर्यंत नुसत्या टाळांवर अभंग म्हणत राहिले.

त्यांच्या वाजवण्याचं आमच्याकडे एकच रेकॉर्डिंग आहे, माझ्या नवऱ्याच्या जुन्या मोबाइलमधलं, अकरा सेकंदांचं. त्यातले चार सेकंद कुणीतरी खोकतं आहे. उरलेले सात सेकंद मी पाठ केले आहेत.

वर्ष अजून सरलं नाही, त्यामुळे यंदा गणपती साधेपणाने. भजन मात्र होणार, असं आईनेच मंडळाला कळवलं. म्हणून रविवारी पखवाज काढून बघितला. उजवी पूड बदलावी लागेल, शाईला, म्हणजे मधल्या काळ्या लेपाला, बारीक तडा आहे. मधली येत्या शनिवारी कुडाळला घेऊन जाईल. डाव्या पुडीवरचा पापुद्रा निघाला, खाली कातडं धड आहे. पण मला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. कार्तिकापासून कुणी हात लावलेला नाही, बाहेर आठ दिवस झड लागलेली, कपाटातल्या चपलांना बुरशी आली आहे, आणि पखवाज खणखणीत कोरडा. मी कोनाड्यात हात घालून बघितलं. चिरा कोमट होता.

स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपुढे बसून नारळाची सोडणं सारत होती, वर भाताचं पातेलं. मी विचारलं, "आये, गॅस संपलो?"

"नाय," ती म्हणाली. "चुलीर भात बरो होता."

मी परत पडवीत आले, चादर गुंडाळली, सुतळी बांधली आणि तीच गाठ मारली.